मदत हवी आहे: घरातल्या सगळ्यांसाठी स्वस्तात हॅलोवीनची सोंगं

घाईघाई
हॅलोवीनला ९ दिवस उरलेत आणि माझं डोकं चालेनासं झालंय. यंदा सगळ्यांनी मिळून एकच थीम करायची असं लेकीला कबूल करून बसलेय. दुकानात एकेका कॉस्च्यूमला ३५-४० डॉलर सांगतात, आणि कापड असं की बटाट्याचं पोतं परवडलं. घरीच करायचंय, स्वस्तात. पिंटरेस्ट बघ म्हणून कृपया कुणी सांगू नका, ते बघूनच ही वेळ आलीय. पटकन सुचवा.

सुईदोरा
किती जण? वयं काय? शिलाई मशीन आहे का? राहता कुठे? स्वस्त म्हणजे किती?

कोथरूडचा_काका
पुण्यात फॅन्सी ड्रेस भाड्याने देणारी दुकानं आहेत. भाजीवाली, झाशीची राणी, फुलपाखरू, सगळं मिळतं. डिपॉझिट भरा, दोन दिवसांनी परत करा. घरी कशाला कुटाणा?

घाईघाई
काका, मी अमेरिकेत आहे. मुलगी ७, मुलगा ३, आम्ही दोघं. मशीन नाही. सगळ्यांचं मिळून ४० डॉलर. आणि नवरा तोंडाला काहीही फासून घेणार नाही, ही त्याची अट.

बे_एरियाची_बाई
पत्ते करा! राजा, राणी, गुलाम, जोकर. फोमबोर्डाचे दोन तुकडे पुढे-मागे आणि खांद्यावरून रिबीन. आम्ही केलेत, खर्च १५ डॉलरच्या आत. आत साधा टी-शर्ट घातला की झालं. फक्त बसता येत नाही.

घाईघाई
तीन वर्षांचं पोर दोन तास न बसता राहणार होय? निम्म्या वेळी त्याला वॅगनमध्येच, म्हणजे पोरांच्या ओढगाडीतच, घालून ओढावं लागतं.

सुईदोरा
वॅगन आहे हे आत्ता सांगताय! आणि अमेरिकेत कुठे ते अजून गुलदस्त्यातच आहे.

घाईघाई
मिनिआपोलिसजवळ. त्याने काय फरक पडतो?

बर्फातला_बाप
त्यानेच तर पडतो. मीही तुमच्याच भागात. पहिल्या वर्षी आम्ही लेकीला परी केलं, चांगले तारेचे पंख, चमकी, सगळं. संध्याकाळी बाहेर पडलो आणि पंखांवरून जाडजूड जॅकेट चढवावं लागलं. दर दारात 'तू कोण झालीस?' विचारलं की ती बिचारी चेन उघडून आतला झगा दाखवायची. चौथ्या घरी रडायलाच लागली. इथली जुनी माणसं अजून १९९१ चं सांगतात: ऐन हॅलोवीनला, ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झालं ते ३ नोव्हेंबरपर्यंत, ट्विन सिटीजमध्ये (मिनिआपोलिस आणि सेंट पॉल) २८ इंचांच्या वर. तेव्हा एकच धरून चला, सोंग कोटाच्या वरून चढलं पाहिजे. गुडविलमधून (जुन्या कपड्यांचं दुकान) दोन साइझ मोठे हूडी आणा, आत जॅकेट घाला. टी-शर्टवाल्या कॅलिफोर्नियाच्या कल्पना इथे चालत नाहीत.

बे_एरियाची_बाई
फोमबोर्ड कोटावरूनही घालता येतो हो. उगाच टोमणे नकोत.

बर्फातला_बाप
वारा सुटला की फोमबोर्डाचं शीड होतं. घालून बघा एकदा.

उगाच_एक
अवांतर: मिनिआपोलिसजवळच अनोका नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची हॅलोवीन राजधानी म्हणवतं. त्या रात्री गावातली पोरं लोकांच्या गायी रस्त्यावर सोडून द्यायची, खिडक्यांना साबण फासायची. वैतागून गावकऱ्यांनी १९२० मध्ये पोरांना गुंतवायला मिरवणूकच सुरू केली.

परखड
नवल वाटतं. सर्वपित्रीला घरी कावळ्याला घास ठेवायला वेळ नसतो आणि परक्यांच्या भुतांसाठी कोट शिवायचे. २०२४ मध्ये तिकडे दिवाळी आणि हे एकाच दिवशी आलं होतं, तेव्हा कोणतं सोंग घेतलं होतं?

घाईघाई
२०२४ मध्ये आधी लक्ष्मीपूजन, मग कॅन्डी. कोटाची चेन लावतानाही तोंडात चकली होती. धाग्यावर या ना प्लीज.

कोकणी_माणूस
परखड, आम्ही शिमग्यात सोंगं घेऊन घरोघर पोस्त मागायचो. संकासुराला बघून मी आजीच्या पदराआड लपायचो. ते चालतं आणि हे परकं?

परखड
शिमग्याला देवाचं अधिष्ठान असतं.

कोकणी_माणूस
पोस्ताच्या पैशांची भजी खायचो, त्यात अधिष्ठान कुठलं?

घाईघाई
अहो, ८ दिवस राहिले! इकडे सासूबाईही तेच म्हणतायत, 'भिकाऱ्यासारखं दारोदार काय मागायचं.' त्यांना शिमग्याचं सांगते आता.

सुईदोरा
सासूबाई?? त्या तिकडे आहेत? चौघं म्हणाला होतात.

घाईघाई
आहेत ना, जुलैपासून. त्या थोड्याच सोंग घेणार आहेत, म्हणून धरल्या नाहीत.

सुईदोरा
मग तुमची थीम घरातच बसलीय. हॅलोवीन म्हणजे भोपळा. आपल्याकडे भोपळ्याची गोष्ट कोणती? म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत वाघ आणि कोल्हा भेटतात, ती म्हणते तूपरोटी खाऊन लठ्ठ होऊन येते मग खा, आणि येताना भोपळ्यात बसून टुणूक टुणूक. वॅगनचा भोपळा करा. सासूबाई म्हातारी, त्यांना नेसायलाही काही नवं नको. लेक वाघ, तुम्ही कोल्हा.

बर्फातला_बाप
भारी! आणि नवऱ्याला जावई करा. त्याला काहीच घालावं लागत नाही.

बे_एरियाची_बाई
पण अमेरिकन शेजाऱ्यांना काय कळणार?

कोकणी_माणूस
वाघ आणि भोपळा दिसला की कॅन्डी देतात, कथा कोण विचारतंय.

घाईघाई
अय्या, हे मला कसं सुचलं नाही! भोपळा कसा करायचा पण? आणि शाळेतल्या परेडला मुखवटा आणि खोटी हत्यारंसुद्धा चालत नाहीत.

सुईदोरा
मुखवटा नकोच, तसाही चष्म्यावर वाफ धरतो. फ्रिज-वॉशिंग मशीनचं मोठं खोकं मिळवा, दुकानवाले असंच देतात. त्याच्या वीतभर रुंद पट्ट्या कापा, आडव्या. प्रत्येक पट्टी टेबलाच्या कडेवरून दोनचारदा खाली ओढा, म्हणजे पुठ्ठ्याचा कडकपणा मोडून ती मोडल्याशिवाय वाकते. (उभी कापलीत तर पन्हळी पट्टीच्या लांबीत येतात आणि कमान होण्याऐवजी घडी पडते, हे मी एक अख्खं खोकं वाया घालवून शिकलेय. पट्टीच्या रुंदीशी समांतर पन्हळी हव्यात.) एक टोक वॅगनच्या तळाशी डक्ट टेपने, दुसरं वरच्या काठाला, मध्ये फुगवटा. दहाबारा पट्ट्या झाल्या की फाका दिसायला लागतात. वरून डॉलर स्टोअरमधला केशरी प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ, दोन पुरतील. पट्ट्यांमधल्या खाचेत तो दाबून टेप लावा, नाहीतर भोपळ्याऐवजी टमाटा होतो. चाकांपासून प्लॅस्टिक चार बोटं वर ठेवा.

क्राफ्टवेडी
वाघाचे पट्टे ग्लू गनने चिकटवा, पाच मिनिटांचं काम!

सुईदोरा
हूडीवर ठीक. पण घाईत जॅकेटवर लावू नका. गरम गोंदाने नायलॉन वितळतं. भाच्याच्या जॅकेटला तीन भोकं पाडून बसले होते, आतला कापूस ख्रिसमसपर्यंत बाहेर येत होता.

क्राफ्टवेडी
लो टेम्परेचरची गन मिळते. मी कायम तीच वापरते.

बर्फातला_बाप
ती थंडीत सुटते. गोंद कडक होऊन टकाटक निघतो. आमच्या डायनोसॉरचे निम्मे काटे तिसऱ्या गल्लीत पडले होते.

सुईदोरा
काळ्या फेल्टच्या पट्ट्या आणि मोठ्या टाक्यांचा धावदोरा. फेल्टचे दोरे सुटत नाहीत, कडा दुमडायला नको. दूरदर्शनवर बातम्या बघता बघता होतं.

मीनल_की_मीनाक्षी
वॅगन कोणती आहे? आमची मोडलीय, नवी घ्यायचीय. घडी घालता येते का?

घाईघाई
घरात महाभारत झालंय. सासूबाईंना विचारलं, 'आई, तुम्ही म्हातारी व्हाल का?' त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. 'म्हातारी काय म्हणून? मी वाघ होते.' आता लेक रुसलीय, कारण वाघ तिचा होता. म्हातारी कोण?

कोकणी_माणूस
आज्जी झकास!

सुईदोरा
गोष्टीत भोपळ्यात कोण बसतं? तीन वर्षांचे चिरंजीव म्हातारी. जुन्या ओढणीचं लुगडं कोटावरून गुंडाळा, डोक्यावर पांढऱ्या लोकरीचा अंबाडा, काचा काढलेला जुना चष्मा. आणि लेकीला सांगा, कोल्ह्याला शेपूट सगळ्यात मोठं असतं. जुन्या तपकिरी मोज्यात उशीतला कापूस भरायचा, टोकाला पांढरा मोजा.

क्राफ्टवेडी
अंबाड्याला साधा कापूस चिकटवा ना, स्वस्त पडतो.

बर्फातला_बाप
कापूस नको! लोकांच्या पायरीवर कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्त्या पेटवलेल्या असतात, पोरं वाकून बघतात. लोकर हूडच्या टोपीला शिवा. वॅगनमध्येही बॅटरीचेच दिवे ठेवा, मागून येणाऱ्या गाडीला दिसाल.

परखड
लुगडं मुलाला? आणि आजीबाई वाघ. चालू द्या.

घाईघाई
हिशोब: केशरी हूडी आणि तपकिरी हूडी मिळून ११ डॉलर, फेल्ट ४, टेबलक्लॉथ-टेप ७, दिवे ३. खोकं शेजाऱ्याने दिलं. शेपटाची लांबी ऐकून लेक राजी झालीय. मी गोष्टीतली लेक, तूपरोटीचं ताट घेऊन. ताट फॉइलचं, पोळ्या फेल्टच्या. सासूबाईंनी स्वतःचे पट्टे स्वतः शिवलेत, माझे टाके त्यांना वाकडे वाटले. आता विचारतायत, दारात गेल्यावर डरकाळी आधी फोडायची की 'ट्रिक ऑर ट्रीट' आधी म्हणायचं?

उगाच_एक
कुणाच्या पायरीवर निळसर हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणी-स्टिकर मिळतात, ॲलर्जीवाल्या मुलांसाठी. पोरांना दाण्याची ॲलर्जी वगैरे आहे का?

घाईघाई
नाही. डरकाळीचं सांगा.

कोकणी_माणूस
आधी डरकाळी. पोस्त आपोआप मिळतं.

कोथरूडचा_काका
वाघाचा ड्रेसही भाड्याने मिळतो. मोठ्या माणसांचं माप बघून घ्या.