बहिणींचा वाटा आधी

दादा, महामार्गात गेलेल्या जमिनीचे नऊ लाख आलेत आणि घरात स्लॅब की गाडी यावर वाद चाललाय म्हणता. संगमेश्वराजवळ आमच्याकडेही हेच झालं होतं.

सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत का, ते आधी बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलांइतकाच आहे. आमच्या वडिलांनी आत्याला न विचारता पैसे खर्चून टाकले. ती तीन वर्षं गणपतीला आली नाही. आरतीला तिची जागा रिकामी असायची, आजी तिकडे बघत टाळ्या वाजवायची. नंतर वडील स्वतः वाटा घेऊन तिच्या दारात गेले.

उरलेले पैसे एकाच बँकेत ठेवू नका, ठेवविमा एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंतच असतो. स्लॅबची घाई तर नकोच. आमचे वासे वाळवीने पोखरलेले, बोट दाबलं की भुसा पडायचा. तेवढे बदलले, कौलं तीच चढवली. जांभ्याच्या भिंती अजून ठणठणीत आहेत. कलमं लावायची असतील तर पाण्याची सोय आधी करा, हापूस धरायला पाच-सहा वर्षं लागतात.

पण पहिला फोन बहिणीला, आजच.