नागरिक, पौर आणि रयत

खानापूरकर : मुलीला कन्नडच्या तासाला 'सिंधू नागरिकते' आलं. तिनं मराठीत 'सिंधू नागरिकत्व' केलं, बाईंनी लाल गोल मारला. कन्नडात नागरिकते म्हणजे संस्कृती, आणि आपल्या नागरिकत्वाला ते पौरत्व म्हणतात. मग मूळचा 'नागरिक' कोणता?

टिळकवाडीकर : नगर अधिक इक, म्हणजे नगरातला. कन्नडानं त्याची जुनी छटा जपलीय. कामसूत्रातला नागरक हा शहरी, शौकीन माणूस. ज्ञानेश्वरीतलं 'देशियेचेनि नागरपणें' घ्या, तिथंही नागरपण म्हणजे डौल, सफाई. हक्काबिक्काचा संबंध नाही. गंमत पुढेच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक हा शहराचा बंदोबस्त बघणारा अधिकारी. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अंगठी सापडलेल्या कोळ्याला बांधून आणतो तोही नागरिकच, वर राजाचा मेहुणा! थोडक्यात, फौजदार.

'पौर' आला पुरावरून. तो आपल्याकडे महापौरापुरता उरला. कन्नडात पौरकार्मिक म्हणजे शहर झाडणारे सफाई कामगार.

वडगावकर : आणि रयत? आमच्याकडे रयत गल्ली आहे की.

टिळकवाडीकर : तो अरबी शब्द, मूळ अर्थ राखणीतला कळप. त्यावरून राजाच्या राखणीतली प्रजा. शिवकाळच्या पत्रांत रयत त्याच अर्थानं येते. कन्नडात त्याचा 'रैत' झाला, म्हणजे सरळ शेतकरी. प्रजा म्हणजे तर मुळात लेकरंच. दोन्ही शब्दांत वर कुणीतरी धनी किंवा बाप गृहीत आहे. मला म्हणून नागरिक बरा वाटतो, फौजदारासकट.

खानापूरकर : मग आपण 'कर्नाटकचे नागरिक' म्हणायचं का? भाषणात सर्रास म्हणतात.

टिळकवाडीकर : म्हणोत. घटनेची 5 ते 11 ही कलमं आणि 1955 चा कायदा बघा, नागरिकत्व एकच, भारताचं. राज्याचा असतो तो रहिवासी. 1956 साली आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा नागरिकत्वाला धक्काही लागला नाही.

वडगावकर : तुमचं पटतंय, खरं बसमध्ये सीटवर 'हिरिय नागरिकरिगे', म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी, असं असतंय की. तिथं शौकीन म्हातारे थोडेच बसतात?

टिळकवाडीकर : बरोबर. माणसाला कन्नडातही नागरिक चालतं. फाटा फुटतो तो भाववाचक नामात : नागरिकते सभ्यतेकडे गेलं, कायद्याच्या कामाला पौरत्व आलं.