मिरवणुकीच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याची बॉडी बदलावी की लेन्स घ्यावी?

गल्लीतला फोटोवाला
निकॉन डी५३०० कॅमेरा आहे (डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला), सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम किट लेन्स. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक रात्रभर चालते हे इथल्यांना सांगायला नको. उजेड म्हणजे चित्ररथावरच्या दिव्यांचा, तोही रंगीबेरंगी. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० केलं तरी लेझीमवाले हललेलेच येतात. बजेट चाळीस हजार. माझं मत, जुनी का होईना, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी घ्यावी. कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसकडे असताना डीएसएलआरच्या लेन्समध्ये पैसे का अडकवायचे?

शहापूरकर
हिशेब तर मांडून बघ की. तुझी लेन्स ५५ला एफ/५.६वर अडते; एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं. एफ/१.८ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावलीस की जवळजवळ दहापट उजेड आत. जिथं १/१५ सेकंदाचं शटर मिळत होतं तिथं १/१५०. फुल फ्रेमनं काय मिळणार? एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेडाइतका फायदा), फार तर थोडं वर. आणि ही किट लेन्स अडॅप्टर लावून त्याच बॉडीवर चालवणार असशील तर तेपण गेलं. डीएक्स (लहान सेन्सरसाठीच्या) लेन्सला सेन्सरचा मधलाच तुकडा वापरला जातो, २४ मेगापिक्सलचे दहा राहतात. मग बॉडी घेऊन केलं काय?

निपाणीवाला
दहापट कागदावर. एफ/१.८ला जवळून लेझीमची रांग टिपा, एक चेहरा शार्प, बाकीचे धुक्यात. रांग दाखवायची तर एफ/२.८ला यावंच लागतं, म्हणजे दहाची झाली चौपट. शिवाय अंधारात डी५३००चा फोकस पुढंमागं हुडकत बसतो, तोवर पथक पुढच्या चौकात. नव्या मिररलेस बॉडी चेहरा, डोळा पकडून ठेवतात. हे लेन्स बदलून येत नाही.

शहापूरकर
चौपट म्हणजे दोन स्टॉप. तुमच्या फुल फ्रेमच्या एकापेक्षा जास्तच झाले की! फोकसचं मान्य, खरं चाळीस हजारात बॉडी आली तर तिच्यापुढं लावणार काय, झाकण?

खानापूर रोड
दोघंही लेझीमवरच अडलाय. चित्ररथावर सजीव देखावे असतात. पात्रं पोझ घेऊन उभी, आणि रथ निम्मा वेळ गर्दीत थांबलेला. तिथं किट लेन्सचं व्हीआर चालू ठेवून १/१५ला पण जमतं. व्हीआर आपला हात सांभाळतं, नाचणाऱ्याचे पाय नाही, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. आधी देखावे नीट काढा, खर्च मग.
(आणि काहीही घेतलंत तरी पावसाळ्यात बॅगेत कोंडून ठेवू नका. आमच्याकडं जांबोटीच्या बाजूला लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेल.)

गल्लीतला फोटोवाला
देखाव्यांचे फोटो सगळेच काढतात, मला लेझीमच पाहिजे. बरं, प्राइमच घ्यायची म्हटली तर ३५ मिमी की ५०? उद्या फुल फ्रेम घेतली तर ५०ची ‘जी’ प्रकारची लेन्स तिच्यावर पूर्ण चालेल, ३५ डीएक्स नाही. म्हणजे ५०च ना?

शहापूरकर
उद्याचं उद्या. तुझ्या बॉडीच्या लहान सेन्सरवर ५० म्हणजे ७५सारखी जवळून दिसणार. मारुती गल्लीत त्या गर्दीत मागं सरकायला जागा कुठाय? ३५ घे. आणि स्वस्त मिळतेय म्हणून कुणी जुनी ५० डी गळ्यात मारायला बघेल. तिच्यात फोकसची मोटर नाही, तुझ्या बॉडीतही नाही, हातानं फोकस करत बसशील. नावात एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर) आहे का बघ.

निपाणीवाला
३५नं घोडेस्वार शिवाजी महाराजांचा क्लोजअप काढून दाखवा.

शहापूरकर
चार पावलं पुढं जायचं. पाय कशाला दिलेत?

निपाणीवाला
रथापुढं दोर धरून कार्यकर्ते उभे असतात, ते जाऊ देतात का बघा.

गल्लीतला फोटोवाला
पटलं असं नाही, खरं घाई करत नाही. यंदा ३५ एका रात्रीपुरती भाड्यानं आणतो.

निपाणीवाला
आणताच आहात तर फुल फ्रेम बॉडी आणि तिची लेन्सपण आणा. एकाच पथकावर दोन्ही लावून बघा, फोटो इथं टाका. मग भांडू.