रॅम्पवर अडकलेली गाडी आणि खांब १४ जवळचा डाग

[८:१२] सी-५०२: बेसमेंटच्या रॅम्पवर करडी सेडान मधोमध उभी आहे. मागे माझ्यासकट पाच गाड्या. मुलीची परीक्षा आहे. गाडी कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, मी नंबर घेत नाही.

[८:१३] ए-३०४: माझीच आहे. मनापासून माफी मागतो. ऑटोमॅटिक आहे. डीमध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाकली, अर्धा रॅम्प चढली आणि मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी जागची हलेना. ब्रेक सैल केला की मागे येते. चाकांमागे विटा लावल्यात.

[८:१४] डी-१०३: मागच्या महिन्यातही हेच झालं होतं ना?

[८:१४] ए-३०४: तेव्हा दोन मिनिटांत निघाली होती.

[८:१४] सी-५०२: दोन नाही. अकरा.

[८:१५] बी-७०१: खांब १४ जवळ तीन आठवडे लाल तेलाचा डाग आहे. दोनदा फोटो टाकला. कुणी बघितलं नाही.

[८:१६] डी-६०३: मी खाली येतो. दोरी आहे माझ्याकडे. माझ्या गाडीला बांधून थेट गॅरेजला ओढत नेऊ 💪

[८:१७] बी-१०१ काका: थांब रे, तेवढं करू नकोस. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद करून ओढलीस तर चाकं आतले गिअर फिरवत राहतात आणि त्यांना तेल मिळत नाही. आज अर्धमेला असलेला गिअरबॉक्स गॅरेजपर्यंत पुरता मरेल. न्यायची तर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर. ३०४, इंजिन चालूच ठेव म्हणजे ब्रेक आणि स्टेअरिंग हलकं राहील. न्यूट्रलमध्ये हळूहळू मागे खाली सपाटीवर घे. ६०३, तू मागच्या गाड्या सरकव. मी येतोय.

[८:३३] सी-५०२: निघालो. काका, आभार.

[८:३४] सेक्रेटरी: सर्व सभासदांनी सहकार्य केल्याबद्दल धन्यवाद 🙏 कृपया रॅम्प मोकळा ठेवावा.

[८:३६] डी-४०३: रॅम्पचं झालं. दोन नंबरची लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडंच ठेवून उभी राहते, त्याचं काय?

[८:३७] सेक्रेटरी: तक्रार दिली आहे.

[८:३७] डी-४०३: कधी? मागच्या सोमवारीही हेच म्हणालात.

[९:०५] सी-५०२: मुलगी वेळेत पोचली. आता शांतपणे सांगतो, ३०४, राग मानू नका. २ लाख ४० हजार किलोमीटर झालेत गाडीचे. अजून किती ओढणार? भंगारात द्या.

[९:०९] ए-३०४: बाबांनी घेतलेली गाडी आहे ही. शेवटचं वर्षभर बाबांची प्रत्येक तपासणी हिच्यातूनच झाली. भंगारात द्यायची की नाही ते माझं मी ठरवेन.

[९:११] ए-२०८ वहिनी: आणि ५०२, तुमच्या आईंना रात्री दोन वाजता दम लागला तेव्हा कुठली गाडी आली होती खाली?

[९:१२] सी-५०२: वहिनी, मी ते विसरलो नाही. त्याचा इथे संबंध नाही.

[९:१२] ए-२०८ वहिनी: आहे.

[९:२०] ए-३०४: गॅरेजला फोन केला. लक्षणं ऐकून म्हणाले, गिअरबॉक्स गेला, पूर्ण बदलावा लागेल.

[९:२२] बी-१०१ काका: गाडी न बघता? तेलाची पातळी विचारली का? स्कॅनर लावला का? ३०४, मला नीट सांग. डीमध्ये टाकल्यावर लगेच पकडते की थांबून?

[९:२५] ए-३०४: सकाळी थंड असताना दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धक्का बसून पकडते. रिव्हर्सला अजून उशीर. दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना रेस वाढते पण वेग वाढत नाही.

[९:२८] बी-१०१ काका: म्हणजे क्लच प्लेटा घसरताहेत. पण का, ते आधी शोधायचं. या प्लेटा तेलाच्या दाबानं आवळल्या जातात. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, आणि धडधाकट गिअरबॉक्सही अस्सा वागतो. चढावर तर तेल मागे सरकतं, त्यामुळे नेमकी रॅम्पवरच दगा देते.

[९:३०] बी-७०१: तेच सांगतोय. खांब १४. लाल डाग. तिसऱ्यांदा फोटो टाकतोय.

[९:३१] बी-१०१ काका: लाल?? इंजिन ऑइल सहसा लाल नसतं हो. ७०१, तुमचा मेसेज मी तेव्हाच वाचायला हवा होता. एक करा, थोडं बोटावर घ्या. काही गाड्यांचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, तेही लाल असतं. पाण्यासारखं आहे की बुळबुळीत?

[९:३८] बी-७०१: बुळबुळीत. कडेला लाल, मध्ये तपकिरी. आणि खांब १४ म्हणजे ३०४ चीच जागा.

[९:३९] ए-३०४: मला तो एसीचा निचरा वाटला होता.

[९:४०] डी-१०३: काका, जुन्या गाडीत नवं तेल टाकलं की गिअरबॉक्स उलट लवकर बसतो म्हणतात. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं.

[९:४४] बी-१०१ काका: बसतो, पण तो आधीच संपलेला असतो म्हणून. प्लेटांची झीज जुन्या तेलात मिसळून थोडी पकड देत असते, तेल बदललं की ती आधारकाठी जाते. मशीन लावून जोरानं फ्लश मारू नये हे खरं. पण गळून गेलेलं तेल भरायला भिण्याचं कारण नाही.

[९:४६] डी-६०३: माझ्या ऑटोमॅटिकला तर तेल मोजायची काडी, डिपस्टिकच नाही. आणि शोरूमवाले म्हणाले, लाइफटाइम ऑइल आहे, कधीच बदलू नका.

[९:५०] बी-१०१ काका: तुझी एएमटी आहे. आतून ती मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. तिचा आजार वेगळा. आणि लाइफटाइम कुणाचं, हे विचारत जा. झेडएफ ही कंपनी गिअरबॉक्स स्वतः बनवते आणि ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी तेल बदला असं सांगते.

[११:२०] ए-३०४: काकांसोबत तपासलं. सपाट जागेवर, इंजिन गरम करून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खुणांवर एकेकदा फिरवला, मग पीमध्ये (पार्क) इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढली. टोकाला फक्त ओल. पुसून पुन्हा घातली, तेच. काकांनी एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवला. मध्ये गडद, भोवती लालसर कडं पसरलं. जळका वास थोडा आहे, फार नाही.

[११:२२] बी-१०१ काका: सगळ्या गाड्यांना ही पद्धत लागू नाही. काहींत इंजिन बंद करून बघतात, मॅन्युअल वाचा. गळती सापडली. रेडिएटरकडे जाणारी, गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरची नळी क्लिपपाशी चिरली आहे. तेल दुधट गुलाबी असतं तर कूलंट आत शिरलं म्हणालो असतो. तसं नाही, एवढं नशीब.

[११:२३] डी-४०३: लिफ्ट पुन्हा थांबली.

[११:२३] सेक्रेटरी: माणूस निघाला आहे.

[५:४०] ए-३०४: नळी बदलली. मॅन्युअलमध्ये दिलेलंच एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, थोडं थोडं भरून दर वेळी मोजलं. रिव्हर्स आता लगेच पकडते! पण तिसऱ्याला रेस अजून किंचित वाढते. स्कॅनरवर पी०७०० आणि पी०७३० हे बिघाडाचे कोड आलेत.

[५:४६] बी-१०१ काका: पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, एवढंच. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे घसरण. तेल कमी असतानाची नोंद असेल. पुसा आणि परत येते का बघा. पण कमी तेलावर तीन आठवडे चालली आहे, प्लेटांनी मार खाल्लाच असणार. गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उघडायला लाव आणि त्यातला धातूचा चुरा धरणारा चुंबक स्वतः बघ. बारीक राखाडी लेप चालतो. धातूचे कण किंवा काळे तुकडे दिसले तर मग बदलायचं बोलू. आणि बदललाच तर कूलर साफ केल्याशिवाय नवा बसवू देऊ नकोस. जुना कचरा नव्यात जातो.

[५:५०] सी-५०२: ३०४, सकाळी जास्त बोललो. उद्या मुलीला सोडून मी नऊला मोकळा आहे. गॅरेजला सोबत येतो.

[५:५२] ए-३०४: या. बरं वाटेल.

[५:५५] बी-७०१: डाग?

[५:५६] ए-३०४: आत्ता खाली पुसतोच आहे. भुसा टाकलाय, तेल ओढून घेतलं की झाडतो. उद्या साडेनऊला फ्लॅटबेड येईल, तेव्हा रॅम्पसमोर कुणी गाडी लावू नका.