डोक्याचं काम करते, पण पॅकेज विकवत नाही. काय करू?

रामबागवाली (इंदूर)
पार्लरमध्ये डोक्याचं काम करते: तेल मालिश, शिरोधारा, कोंड्याची ट्रीटमेंट. मालकीणबाई त्याला 'होलिस्टिक स्कॅल्प केअर' म्हणतात, सासूबाई 'चंपी'. काम मनापासून आवडतं. बोटं टाळूवर फिरली की कळतं, कोण रोज घट्ट अंबाडा बांधते आणि कुणाच्या कानामागे खपल्या धरल्यात.

अडतं ते विकण्यात. मागे एक ओली बाळंतीण आली, बाळ तीन-चार महिन्यांचं. कंगव्यात केसांचे पुंजके, आणि ती रडकुंडीला आलेली. बाळंतपणानंतर असे केस जातातच आणि वर्षभरात बहुतेकींचे आपसूक भरून येतात. मालकीणबाईंना तिला ट्रीटमेंटचं मोठ्ठं पॅकेज द्यायचं होतं. मी म्हटलं, "अगं काही करू नकोस. फार वाटलं तर डॉक्टरांना विचारून लोह, थायरॉइड तपासून घे, आणि पोटभर जेव." ती हसत गेली. मालकीणबाई अजून फुगून बसल्या आहेत.

आता मला या कामात अर्थ वाटतो तो नेमका काही न विकल्यावर! घरी पुढची खोली रिकामी आहे. स्वतःचं सुरू करू, की माझंच डोकं फिरलंय?

मांडवीकर (वडोदरा)
ताई, आमचं पिढीजात सलून. वडिलांनी एकच शिकवलं: मालिशनं टकलावर केस येतात असं गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. मान मोकळी होते, बरं वाटतं, झोप छान लागते. तेवढं खरं आहे, त्याचेच पैसे घ्या. आणि डोकं बघून सल्ला देता त्याचेही घ्या! फुकटचं कुणी ऐकत नाही.

निवृत्त सिस्टर
माझी नोकरी त्वचा विभागात गेली. खोली जरूर उघड, पण कुठलं डोकं आपलं नाही ते आधी शीक. रुपयाएवढी गोल जागा अचानक गुळगुळीत झाली तर ती बहुधा चाई, म्हणजे केस चकत्यांनी गळण्याचा आजार. लहान मुलाच्या डोक्यात खपल्या आणि तुटके केस दिसले तर बुरशी असू शकते. तिला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमानं जात नाही. सगळ्यात वाईट म्हणजे टाळू चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी होणं. तिथले केस परत येत नाहीत, म्हणून उरलेले वाचवायला लगेच डॉक्टरकडे. आमच्याकडे अशा बायका यायच्या त्या महिनोन्‌महिने तेलं चोपडून. तुझ्यासारखी कुणी आधी भेटली असती तर!
आणि हो, कोंड्यावर तेल थापू नकोस. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते.

छावणीवाला
अर्थ वगैरे ठीक आहे भिया, पण गिऱ्हाईक? नोकरी एकदम सोडू नका. आधी फक्त रविवार करून बघा.

रामबागवाली
सिस्टर, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. कोंड्यावर तेल आमच्याकडे सर्रास लावतात, ते उद्यापासून माझ्या हातून बंद. मांडवीकर, बघायचे पन्नास रुपये ठेवू का? सासूबाई म्हणतात शंभर. रविवारचं पटलं, पण मालकीणबाईंना सांगूनच करेन. मान मागे टेकवायचं बेसिन जुनं कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? नवं परवडत नाही.