एरीकाठची जमीन : हद्द नेमकी कुठे?

किनारकर : अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एरी सरोवराला लागून घर आहे. खरेदीखतात हद्द 'पाण्यापर्यंत'. कर मीच भरतो. खाली दगडी बांध आहे, त्यावर शेवाळाची हिरवी रेघ. शेजारी म्हणतो, रेघेखालचं सगळं सरकारचं, भाडेपट्टा घ्यावा लागेल. खरंय का? रात्री झोप नाही हो.

जुनाजाणता : हे जुनं भांडण आहे. सरकारी खात्याने ५७३.४ फूट उंचीवरची उच्च जलरेषा, म्हणजे चढलेलं पाणी पोचतं ती रेषा, धरून त्याखालची जमीन आपली म्हटली होती. मालक कोर्टात गेले. २०११ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरिल खटल्यात ती रेषा नाकारली. हद्द 'नैसर्गिक किनाऱ्या'ची, म्हणजे वारा-लाटांचा गोंधळ नसताना पाणी सहसा जिथे उभं राहतं तिथली. शेवाळाच्या रेघेवर विसंबू नका, लाटा बऱ्याच वर चढतात.

वाटसरू : शेजारच्या इंडियाना राज्यातल्या मित्राला मात्र विचारू नका. तिथे २०१८ च्या निकालाने उच्च जलरेषेपर्यंत मिशिगन सरोवर राज्याचंच ठरवलंय.

किनारकर : जीव भांड्यात पडला. पण आधीच्या मालकाने बांधापुढे भराव टाकून चारेक पावलं जागा वाढवलीय. तिथेच माझा बाक आहे.

जुनाजाणता : मग बाक अडचणीत! मूळ किनाऱ्यापुढे पाण्यात टाकलेला भराव मोजणीत धरत नाहीत, 'नैसर्गिक' हा शब्द तिथेच बोचतो. मोजणीदाराकडून जुनी रेषा काढून घ्या, मग वकील. शेजाऱ्याशी वाद नंतर घाला.