तातडीने मदत हवी आहे: ट्रेनिंगसाठी पुस्तकातली पानं छापली तर चालतात का?

फणीवाला_सावदा
नमस्कार मंडळी. सोमवारी ट्रेनिंग आहे आणि आज गुरुवार, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडच्या लोकांसाठी पुस्तिका काढायची होती. मजकूर तयार, कव्हर तयार. जळगावला छापायला दिली तर प्रेसवाला एक पान उघडून म्हणतो, हे 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'वालं आहे, परवानगीचं पत्र आणा, नाहीतर मी हात लावत नाही. क्लासवाले रोज पुस्तकंच्या पुस्तकं झेरॉक्स काढतात, त्यांना कोणी विचारत नाही. शिक्षणासाठी सूट असते ना कायद्यात? कोणी कलम नंबर द्या, त्याच्या तोंडावर मारतो. लवकर.

तापीकाठ
कसलं ट्रेनिंग? कोणाचं पुस्तक? किती पानं, किती प्रती? काहीच न सांगता कलम कसं देणार भो?

डाळवाला_एमआयडीसी
एवढं काही नसतं. शेवटच्या पानावर 'सौजन्य' लिहून पुस्तकाचं नाव टाका, विषय संपला. आम्ही डाळमिलमध्ये सुरक्षेची पुस्तिका अशीच केली होती. दहा टक्क्यांपर्यंत तर तसंही चालतं.

निवृत्त_ग्रंथपाल_धुळे
डाळवाले भाऊ, हे दहा टक्के कुठे वाचले? तीस वर्षं ग्रंथालयात काढली, हा आकडा दर महिन्याला कोणीतरी ऐकवायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलतींची यादी आहे. तिथे टक्केवारी नाही. सौजन्य लिहिणं हा सभ्यपणा झाला, त्याने परवानगी मिळत नाही.

फणीवाला_सावदा
सांगतो. केळीचं पॅकहाऊस आहे. घड उतरवण्यापासून खोकं भरेपर्यंतचं ट्रेनिंग. पुस्तक मराठीच आहे, ९६ पानांचं, त्यातली ३८ पानं स्कॅन केली. १२० प्रती हव्यात. पुस्तक कंपनीने पैसे देऊन विकत घेतलंय, चोरलेलं नाही. आणि आम्ही पुस्तिका विकणार नाही. आता कलम सांगा.

छापखाना_चाळीसगाव
प्रेसवाल्याच्या तोंडावर मारण्याआधी त्याची बाजू ऐका. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. प्रकरण निघालं तर पहिला सापडतो तो छापणारा, कारण यंत्र त्याचं, बिल त्याचं. तुम्ही म्हणाल सर्वांसाठी केलं, मला कोण विचारतो? मीही दोन वेळा गिऱ्हाईक परत पाठवलंय. तो माणूस शहाणा आहे.

सातपुडा_७१
केळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कार्बाइडच्या नादी लागू नका. त्याचा ॲसिटिलीन वायू निघतो, सोबत आर्सेनिक-फॉस्फरसचे अंश असतात, आणि त्यावर बंदी आहे. इथिलीन वापरा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा १०० पीपीएम.

फणीवाला_सावदा
दादा, आम्ही पिकवतच नाही, कच्चा माल बाहेर जातो. मी काय विचारून राहिलो आणि तुम्ही काय सांगून राहिले.

निवृत्त_ग्रंथपाल_धुळे
कलम हवं होतं ना, घ्या. कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत चालते अशी सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमाच्या गठ्ठ्यांना या सवलतीचा आधार दिला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही 'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांचा अर्थ वर्गाच्या चार भिंतींबाहेर नेला, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा काढून घेतला. क्लासवाल्यांचं धाडस तिथूनच वाढलं. पण तिथे विद्यापीठ होतं, नेमलेला अभ्यासक्रम होता.

डाळवाला_एमआयडीसी
म्हणजे चालतं! सुपरवायझर म्हणजे शिक्षक, कामगार म्हणजे विद्यार्थी. उगाच घाबरवता राव.

निवृत्त_ग्रंथपाल_धुळे
वाद घालायला ठीक आहे. माझ्या मते पॅकहाऊस हा धंदा आहे आणि ट्रेनिंग धंद्याच्या फायद्यासाठी आहे. खाजगी वापर आणि संशोधनाची सवलतही कंपनीला पुरत नाही. अमेरिकेत, जिथे 'फेअर यूज' म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची सवलत आपल्यापेक्षा सैल आहे, तिथेसुद्धा टेक्साको कंपनीच्या संशोधकांनी नियतकालिकांतल्या लेखांच्या प्रती काढून ठेवल्या तेव्हा १९९४ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. तेही एकेका लेखाचं. तुमची तर ३८ पानं गुणिले १२०.

डाळवाला_एमआयडीसी
अमेरिकेचा कायदा सावद्याला लावता का?

निवृत्त_ग्रंथपाल_धुळे
लावत नाही. सैल कायदा असून तिथे असं झालं, एवढंच म्हणतोय. वाचून तरी प्रतिसाद द्या.

तापीकाठ
धागाकर्ते, एक राहिलं. तुमचा हा गठ्ठा फक्त तुमच्या कामगारांसाठी आहे का बाहेरच्यांसाठीही?

फणीवाला_सावदा
६० कामगार आणि ६० आमच्याकडे माल देणारे शेतकरी. शेतकऱ्यांकडून चहा-नाश्ता धरून दोनशे रुपये घेतो. आणि मध्ये आठ पानं परदेशी खरेदीदाराच्या इंग्रजी मॅन्युअलची आहेत, ती मीच मराठीत केली, म्हणजे ती तर माझीच झाली. पीडीएफ मागच्या आठवड्यातच ग्रुपवर टाकली, तिला कुठे प्रेसवाला लागतो.

छापखाना_चाळीसगाव
हे आधी सांगायचं होतं! दोनशे रुपये घेता आणि 'विकणार नाही' म्हणता. भाषांतराचा हक्कही मूळ मालकाचाच असतो, श्रम तुमचे असले तरी. खरेदीदाराला एक मेल टाका, तो बहुतेक आनंदाने हो म्हणेल, त्यालाच स्वच्छ माल हवाय.

लेवाची_लेक
मी फैजपूरकडची, लग्नाआधी दोन वर्षं पॅकिंगला होते. दादा, वाचणार कोण? आमच्या टोळीत निम्म्या बाया पाड्यावरच्या, काही बऱ्हाणपूरकडच्या, त्यांना मराठी छापील पान म्हणजे पुडी बांधायचा कागद. मला काम शिकवलं ते मुकादमीणबाईने, फणी हातात देऊन. चीक कुठून गळतो, पाण्यात तुरटी किती, फणी खोक्यात कशी ठेवायची म्हणजे एकमेकीला डाग पडत नाहीत. ते डोळ्यांनी शिकतात. तुमच्याच शेडमध्ये मोबाइलवर फोटो काढा, भिंतीवर मोठे लावा, खाली चार शब्द मराठी-हिंदीत. कोणाची परवानगी लागत नाही.

तापीकाठ
ताईंच्या म्हणण्याला कायद्याचाही टेकू आहे. माहितीवर हक्क नसतो, ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली त्यावर असतो. केळी १३-१४ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते, हे कोणाच्या बापाचं नाही. तुमच्या शब्दांत लिहा. आणि प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचून दाखवायलाही कलम ५२ मध्ये मुभा आहे. पुस्तकाच्या पाच प्रती विकत घ्या, महत्त्वाचं सुपरवायझरला मोठ्याने वाचू द्या.

फणीवाला_सावदा
ताई, हे पटलं. साहेबांना पटेल का माहीत नाही, त्यांना हातात धरायला काहीतरी जाडजूड लागतं. कव्हरवर बहिणाबाईंच्या ओळी घेतल्यात, त्या तरी राहू देता का?

निवृत्त_ग्रंथपाल_धुळे
खुशाल राहू द्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, संग्रह १९५२ मध्ये आला, साठ वर्षं केव्हाच उलटली. फक्त एखाद्या नव्या आवृत्तीतलं चित्र किंवा प्रस्तावना उचलू नका, त्यांचा हिशेब वेगळा.

सातपुडा_७१
मागच्या जूनच्या वादळात आमच्या बागेतली निम्मी झाडं आडवी झाली, त्याचा पंचनामा कोणाकडे मागायचा, कोणाला माहीत आहे का?

तापीकाठ
दादा, वेगळा धागा काढा.

फणीवाला_सावदा
अपडेट. साहेबांसमोरच प्रकाशकाला फोन लावला. रागावतील वाटलं होतं, उलट म्हणाले, ६० प्रती घेतल्या तर सवलत देतो, आणि शेतकऱ्यांना द्यायची १० पानं छापायची तर लेखकाला विचारून शनिवारी लेखी कळवतो. मग विचारलं, कोणती आवृत्ती आहे तुमच्याकडे? मी सांगितलं पहिली. तर म्हणे, त्यात साठवणीच्या तक्त्यात १३ च्या जागी ३१ अंश छापलंय, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलंय. ते पान आमच्या ३८ मध्ये आहे. मी, साहेब, डीटीपीवाला, तिघांनी तपासलं होतं.

लेवाची_लेक
३१ ला ठेवली असती तर तिसऱ्या दिवशी शिकरण करावं लागलं असतं.

छापखाना_चाळीसगाव
आणि ग्रुपवरची पीडीएफ?

फणीवाला_सावदा
काढली. पण त्याआधी चौघांनी पुढे पाठवलीय, त्यातला एक रावेरला कोल्ड स्टोरेज चालवतो. त्यालाच फोन लावून राहिलो, उचलत नाही.